सयाजीच्या गाडीतली हळद

गुंडा, हात काढ त्या झाकणावरनं. काढ म्हनतो न्हवं! तोंड भाजून घ्यायचं हाय काय? आत वाफ कोंडलीया, ती निवंल तवा निवंल. आन् ती बादली खाली ठेव. तापल्या इंजिनात गार पाणी वतलं की इंजिन तडकतंय, मंग बस बोंबलत. या, हितं पोत्यावर बसा सगळी. कंदील बारीक करा, राकेल काय फुकाट येत न्हाई.

गाडी निवंस्तवर एक सांगतो. पर मधी कुणी बोलायचं न्हाई. मला मधी बोललेलं खपत न्हाई, ठाव हाय तुमाला.

रेडिएटर झाळून त्याला डाग देत देत, गळती बुजवत माझं केस पांढरं झालं. गळका आला, चोंदलेला आला, दगड लागून फुटलेला आला. सगळ्यांची कारणं सांगंन मी. एकाचं मातर आजपतुर सांगता आलं न्हाई. त्यो सयाजीच्या गाडीचा.

सयाजी माझा दोस्त. मिरजेच्या टेसनावर भाड्यानं मोटार चालवायचा. सरळ गडी. दारू न्हाई, बिडी न्हाई, चहा तेवढा बशीत वतून प्यायचा. खोटं बोलायला डोस्कं लागतं, ते त्याच्याकडं नव्हतं. हसू नगा, म्हनून तर माझा इस्वास बसला. गाडी त्याची म्हंजे संस्थानातनं लिलावात काढलेली जुनी मोटार, वर कापडी टप. इंजिन झकास, पर रेडिएटर थकलेला.

चव्वेचाळीस सालची वटपौर्णिमा. लढाई चालू हुती, पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं. दिवस मावळायला आगगाडी लागली आन् तिच्यातनं एक शिपाई उतरला. ज्ञानू त्याचं नाव. जतच्या पल्याड कन्नड मुलखाला लागून त्याचं गाव. आसामाकडनं निघालेला, किती दिस आगगाडीत बसून हुता कुणास ठाऊक, डोळं तांबारलेलं. बायकू लय आजारी हाय म्हनून घरची तार गेलती, साहेबानं रजा दिली. त्यानंबी उलटी तार करून ठेवल्याली, मी येतोय म्हनून.

भाड्याचं बोलायच्या आधीच सयाजीनं त्याचं बोचकं गाडीत टाकलं. त्याचं तोंड बघूनच टाकलं म्हनायचा.

वाटंत ज्ञानू बोलत हुता. लगीन झालं आन् पंधरवड्यात पलटणीत गेला. मंग एकदाच रजा मिळाली. तेवढाच काय तो संसार. तिकडं रातीला पडल्यावर तिचं तोंड आठवायचा, तर आठवायचं न्हाई. नाक आठवलं तर डोळं निसटायचं. म्हनला, "सयाजीराव, एकदा तिचं तोंड नीट बघायचं हाय. मंग देवानं काय करायचं ते करावं." आन् दर मैलाला म्हनायचा, जरा जोरात घ्या.

सयाजीनं घेतली जोरात. तिथंच चुकलं. कवठ्याच्या पुढं माळावर आलं आन् झाकणातनं वाफंचा लोट उठला. गाडी उभी.

तुमी हाय तसाच त्योबी उतावळा. लगेच पाण्याची बाटली काढून वतायला निगाला. सयाजीनं त्याचा हात धरला. म्हनला, बाबा, इंजिन तडकलं तर उद्या दुपारपतुर हितंच बसशील. ज्ञानू खाली बसला. डोकं गुडघ्यात घातलं. लढाईवरनं आलेला गडी, पर त्या टायमाला पोरावानी झाला हुता.

सयाजीनं कंदील घेतला आन् एकेक बघितलं. शिकून घ्या, गुंडा. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला, ताठ हुता. त्येलाची काडी वढून बघितली. त्येल काळं हुतं, दुधावानी पांढरं झालं नव्हतं, म्हंजे पाणी इंजिनात उतरत न्हाई. वरचा पाईप कडक तापलेला, खालचाबी तापलेला, म्हंजे पाणी फिरतंय, चोंदलं न्हाई. मंग पाणी जातंय कुठं? खाली तर भुई कोरडी! शेवटी रेडिएटरच्या खालच्या शिवणीवरनं बोट फिरवलं. केसावानी चीर. थंड असली की मिटायची, तापली की उघडायची, आन् पडलेलं पाणी पळत्या गाडीत तिथल्या तिथं सुकायचं.

असल्या चिरंला आमच्या लोकांचं औषध एकच. हळद. पाण्यात हळद टाकायची. ती फिरत फिरत चिरंत जाऊन बसती, फुगती, आन् चीर बुजती. दोन-तीन दिस निभावतं, तवर डाग देऊन घ्यायचा. सयाजीच्या पेटीत हळदीची पुडी कायम असायची. त्यानं पेटी उघडली, तर पुडी न्हाई. सकाळीच त्याच्या बायकूनं वडाच्या पूजेला म्हनून काढून घेतल्याली.

सयाजी मला म्हनायचा, जोतिबा, आपल्याला आयुष्य मागायला बाईनं पुडी नेली, तिला रागवायचं तरी कसं?

पाण्याला ज्ञानू गेला. मुलूख त्याचा. म्हनला, पुढं मैलोन् मैल वस्ती न्हाई, मागं एक हीर हाय, तिच्यात घोटभर असंल तर असंल. पाऊस अजून झाला नव्हता, माळ निस्ता भाजून निघाल्याला. डबा घेऊन त्यो मिरजेच्या अंगाला चालत गेला.

सयाजी एकटा राह्यला. चांदणं पिठावानी पडल्यालं. अमावस्येचं भ्या वाटतं माणसाला, पुनवेचं कोण धरतंय? त्यो बसला पायरीवर.

तवा समोरनं एक बाई आली.

जतच्या अंगानं. कडंवर कळशी. हिरवं लुगडं. पदर पार नाकापतुर वढलेला. सयाजीला वाटलं, पूजंच्या गडबडीत हिला पाण्याला उशीर झाला. बाईनं कळशी खाली ठेवली.

"पाणी घ्या, दादा."

त्यानं इचारलं, कुठल्या वस्तीवरची गं तू? तिनं कळशी गाडीकडं सारली. त्यानं फडकं धरून झाकण सैल केलं. वाफ फसफसून गेली. इंजिन चालू करून धार धरली, बारीक, जरा जरा. कळशी सपली तवा रेडिएटर भरला. पर खाली शिवणीतनं थेंब सुरूच. सयाजी म्हनला, बाई, तुजं लय उपकार झालं, पर ह्ये थांबत न्हाई. घरात चिमूटभर हळद असली तर बघ.



मंग तिनं कमरंची गाठ सोडली.

"माज्या वटीत हाय."

त्यानं वंजळ पुढं केली. तिनं त्यात दिली न्हाई. सोता पुढं झाली. मूठ रेडिएटरच्या तोंडावर धरली. वाफ येत हुती, गड्यानूं. हातावरची साल निघंल असली वाफ. तिनं मूठ उघडली... सावकाश. हळद पडत राह्यली. हळदीबरुबर तांदळाचं दाणं पडलं. तिनं हात मागं घेतला न्हाई.

सयाजी बघत राह्यला. मनगटावर जुना भाजल्याचा डाग हुता. लांबडा.

"त्ये कुठं हायत?" बाईनं इचारलं.

"शिपाई व्हय? पाण्याला गेल्यात. येतील आत्ता, थांब की."

"मला थांबता येत न्हाई. सकाळी न्हेत्यात मला."

सयाजीला वाटलं, म्हायेराला न्हेत असतील.

"उशीर करू नगा म्हनावं," ती म्हनली.

त्यो झाकण लावायला वळला. लावलं. मागं बघितलं.

माळ.

नुस्ता माळ... कळशीबी न्हाई.

ज्ञानू आला. डबा रिकामा. हिरीत चिखल हुता म्हनला. सयाजीनं गाडी काढली. थेंब बंद झालतं. वाफ न्हाई, खडखड न्हाई, नव्या गाडीवानी चालली. थोडं पुढं गेल्यावर ज्ञानूनं इचारलं, पाणी कुठनं आणलं? सयाजी म्हनला, वस्तीवरच्या बाईनं दिलं.

"हितं वस्ती न्हाई."

सयाजीनं गियर बदलला.

"हळदीचा वास येतोय, सयाजीराव."

"तिनंच दिली. वटीतली."

  ज्ञानूनं हळू इचारलं, कशी हुती दिसायला? सयाजी म्हनला, तोंड दिसलं न्हाई. हिरवं लुगडं हुतं. मनगटावर भाजल्याचा डाग.

ज्ञानूनं डोळं मिटलं.

त्यो डाग त्याला ठाव हुता. पहिल्या रजंला आल्ता तवा त्याच्यासाठी भाकरी करताना तवा लागल्याला. तिचं तोंड इसरला, पर त्यो डाग इसरला नव्हता. आन् सगळ्या वाटंनं जोरात घ्या, जोरात घ्या म्हननारा त्यो गडी काय म्हनला सांगू?

"आता सावकास घ्या, सयाजीराव."

मला ह्ये सांगताना आजबी गलबलून येतं. सावकास घ्या म्हनला. जोवर गाव येत न्हाई तोवर बायकू हाय, असं झालं आसंल त्याला.

सयाजीनं पाय सैल सोडला. मंग त्याला आठवलं. म्हनला, ज्ञानबा, तिनं एक निरोप दिलाय. सकाळी न्हेत्यात मला, उशीर करू नगा म्हनावं.

ज्ञानूनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. म्हनला, "मंग हाना."

तांबडं फुटायला गाव आलं. दारात माणसं. तिरडी बांधून तयार. त्याची बायकू हरणाबाई पुनवेच्या दिवशीच गेलती, दिवस कलायला. पोरगा येतोय अशी तार हाय म्हनून थोरल्यांनी रात्रभर ठेवल्याली. उन्हाळ्याचं दिस, आता थांबता येत नव्हतं. उचलायला वाकलीच हुती माणसं, तवर मोटार दिसली.

ज्ञानू तिच्यापाशी उकिडवा बसला. कुणीतरी तिच्या तोंडावरचा पदर सारला. त्यो रडला न्हाई. नुस्ता बघत बसला. कपाळ बघितलं, डोळं बघितलं, हनवटी बघितली. एवढी माणसं हुती, पर त्याला कुणी ऊठ म्हनलं न्हाई.

सयाजी गाडीपाशीच उभा हुता. तिथनं त्याला हिरवं लुगडं दिसलं. बाजूला पडलेला हात दिसला. आन् ज्ञानूची चुलती रंगूबाई बायकांवर करवादत हुती, ते ऐकू आलं. सवाष्ण गेली की तिची वटी भरत्यात, ती रंगूबाईनं सोताच्या हातानं भरल्याली. हळद, कुंकू लावल्यालं तांदूळ, खोबरं. गाठ मारून रातभर उशाला बसल्याली.

"मग गाठ सोडली कुणी?" म्हनत हुती ती. "हळद कुठं गेली हिची?"

सयाजी तिथनं हलला. परतीच्या वाटंवर त्या माळाला त्यानं हात जोडलं आन् गाडी थांबवली न्हाई.

तीन दिसात डाग देऊन घ्यायला येणार हुता माझ्याकडं. आलाच न्हाई. गाडी गळतच नव्हती, तर कशाला येतोय? पार दिवाळी झाल्यावर आला. म्हनला, गळत न्हाई, पर आता घाटाला तापती. म्या हात लावून बघितलं. वरचा पाईप तापलेला, खालचा गार. म्हंजे मधी चोंदलंय. हळद बसली असनार तळाला, दुसरं काय? तवा कुठं त्यानं मला ही सगळी हकीकत सांगितली. मी हसलो. देवाशपथ सांगतो, हसलो त्याला.

मंग झाळ सोडवून खालची टाकी काढली. आत हळदीचा घट्ट गाळ. म्या बोटानं उकरला. त्यात तांदळाचं दाणं हुतं.

आता इचार करा. जेठापास्नं दिवाळीपतुर. उकळत्या पाण्यात. रोज मिरज ते कुठं कुठं गाडी पळत हुती. त्या पाण्यात भात शिजून त्याची पेज व्हायला पायजे हुती, न्हाईतर कुजून माती तरी. दाणं अख्खं हुतं. धुतलं तर त्याच्यावरचं कुंकू तांबडं दिसाया लागलं. म्या एक दाणा दाताखाली धरला.

कटकन वाजला. कच्चा हुता.

बाकीचं आमी कागदात बांधून ठेवलं. ज्ञानू लढाई सपल्यावर आला, तवा सयाजीनं त्याच्या हातावर ठेवलं.  ज्ञानू कागद उघडून एवढंच म्हनला, आता तोंड आठवतंय मला.

बघ रं गुंडा, झाकणाला हात लावून. निवलं आसंल. फडकं धर, आन् सावकास उघड.