पूर्ण पाहिला, सबब शिफारस

साहेब, तुम्ही तो चित्रपट पाहिलेला नाही. सही मात्र तुमची आहे, हिरव्या शाईतली, आणि सहीच्या वर छापलंय: 'पूर्ण पाहिला, सबब शिफारस.' बावीस मिनिटांचा चित्रपट. तेवढ्या वेळात धड जेवणही होत नाही माणसाचं. तरी तुम्ही खोटं लिहिलंत. त्यापायी ग्वाल्हेरात काय झालं ते आता ऐकून घ्या.

बळवंत हा प्रचार खात्याचा यंत्रचालक. आजा फौजेत, बाप फौजेत, आणि हा प्रोजेक्टरवर. संस्थान गेलं तेव्हा तो मध्यभारताचा झाला, आणि आता मध्यभारतही जाऊन नवा मध्यप्रदेश येत होता, राजधानी भोपाळ. छप्पन सालचा ऑक्टोबर. वरून दोन याद्या यायच्या होत्या: एक 'सामावून घेतलेले', दुसरी 'अतिरिक्त'. आपलं नाव कुठल्या यादीत पडणार, या एका गोष्टीवर दौलतगंजातल्या त्याच्या दोन खोल्यांत कोणाला धड झोप नव्हती.

नव्या राज्याला शाळांसाठी शिफारस केलेल्या चित्रपटांची यादी हवी होती. युरोपात ज्यूंचा जो संहार झाला, त्यावरचे चार चित्रपट कुठल्याशा वकिलातीने फुकट पाठवले होते. तीन इंदूरच्या वाट्याला गेले, एक ग्वाल्हेरच्या. तीन सदस्यांनी तो पूर्ण पाहायचा आणि सह्या करायच्या. बस्स, एवढंच काम.

खात्याचं दालन महाराज बाड्याच्या चौकाजवळ. तिथे एके काळी गादी असायची, आणि गादीपुढे जोडे घालून कोणी जात नसे. अठ्ठेचाळीस साली गादी गेली. चौथरा राहिला आणि नियमही राहिला. चौथऱ्यावर खात्याने पांढरा पडदा टांगला, तर लोक पडद्यापुढेही जोडे काढू लागले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नाही.

अध्यक्ष महिपतराव, सरदार घराण्यातले. त्यांचे जोडे लाल कातड्याचे, टोक वर वळलेले, टाचेला लोखंडी नाल. दुसरे रघुनाथराव, निवृत्त न्यायाधीश, पायात काळे बूट. तिसऱ्या शालिनीताई, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या चपला कशा होत्या हे कोणाच्या लक्षात राहणार नाही, अशा.

दुपारी तीनला पडदे ओढून बळवंतने यंत्र सुरू केलं. सातव्या मिनिटाला पडद्यावर एक आगगाडी थांबली आणि माणसं उतरू लागली. रघुनाथराव कुजबुजले, "बळवंत, मला जरा पित्त होऊन राहिलंय रे."

"मी बघतो यांना," महिपतराव लगेच उठले.

दोघं मागच्या दाराने व्हरांड्यात गेले. तिथे चपराशी दौलतसिंह चहा आणि कचोऱ्या घेऊन उभाच होता, म्हणजे पित्ताची वर्दी त्याला आधीच मिळालेली होती. दिवे लागले तशी मंडळी मिशा पुसत आत आली. पूर्ण पाहिला, सबब शिफारस. सही, सही. शालिनीताईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि मग सही केली.

दाराबाहेर फक्त त्यांच्याच चपला होत्या.

"दौलतसिंह, जोडे?"

"हुकुम, यहीं धरे थे. हम तो आपको कचौरी दे रहे थे."

"मग काय पाय फुटले त्यांना?" रघुनाथराव म्हणाले.

"आता जोडे पण भोपाळला गेले म्हणायचे," महिपतराव म्हणाले. "सगळंच चाललंय तिकडे."

महिपतराव टांग्याने अनवाणी निघाले. सराफ्यात टांगा अडकला, तर एका सराफाने हात जोडून विचारलं, "सरकार, काही नवस?" घरी जाऊन त्यांनी तक्रार लिहिली. दालनाची किल्ली बळवंतकडे, सबब जबाबदारी बळवंतची. तक्रारीची नक्कल भोपाळला. बळवंतला तेव्हाच कळलं, आपण अतिरिक्त.

नोव्हेंबरात फॉर्म परत आला. जोड्यांबद्दल चकार शब्द नाही. आक्षेप असा, की फॉर्म मध्यभारताच्या कागदावर आहे आणि तसं राज्य आता अस्तित्वात नाही. नव्या कागदावर नव्याने पाहून नव्याने सह्या कराव्यात.

या खेपेला महिपतरावांनी घरून लोखंडी पेटी आणली. नवे जोडे आणि रघुनाथरावांचे नवे बूट तीत ठेवले, कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली आणि पेटीवर दौलतसिंहाला बसवलं. शालिनीताईंनी चपला शेजारीच काढल्या. आगगाडी थांबली. पित्त आलं. बिचारा दौलतसिंह पेटीवर असल्यामुळे आज चहा मंडळींनी आपल्या हातानेच ओतून घेतला.

प्रयोग संपल्यावर कुलूप जसंच्या तसं होतं, शेजारच्या चपलाही. महिपतरावांनी ते उघडलं. पेटी रिकामी.

अगदी रिकामी म्हणता येणार नाही. तळाला चिखल होता, बोटभर, काळा. दौलतसिंहाने हात घातला आणि झटक्याने काढून घेतला. "बरफ जैसा है, हुकुम." बाहेर ग्वाल्हेरचं ऊन होतं. अंगात सदरा नकोसा होत होता.

रघुनाथरावांनी चिखलाकडे पाहिलं नाही. त्यांनी दुसरी तक्रार लिहिली.

आता यंत्रचालकाची एक गोष्ट सांगायला हवी. तो चित्रपट बघत नाही. त्याचं लक्ष फितीच्या वळणावर आणि दिव्यावर. बळवंतने ती बावीस मिनिटं दोनदा चालवली होती आणि पाहिलं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शालिनीताई एकट्याच आल्या.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. "आणि सतराव्या मिनिटाला यंत्राकडे बघू नकोस."

"काय आहे, ताई?"

"मी पहिल्याच दिवशी पाहिले. वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. काल आणखी चार होते."

बळवंतने यंत्र लावलं. आगगाडी. तारांचं कुंपण. एका टेबलाशी बसून कारकून नावं लिहितोय, पुढे माणसांची रांग. एका बाईने मुलाची टोपी नीट केली. मग तीच जागा, माणसांवाचून. मग एक कोठार, आणि त्यात जोड्यांचा ढीग.

माणसाच्या दुप्पट उंच. बायकांचे, पुरुषांचे, बंद तुटलेले, टाचा झिजलेले. कॅमेरा हळूहळू सरकत होता. डावीकडे, खालून तिसऱ्या थरात, एक जोडा होता. टोक वर वळलेलं. टाचेला नाल.

चित्रपटात रंग नव्हता. पण नालेचा एक खिळा नव्हता, आणि तो नाही हे बळवंतला माहीत होतं. महिपतरावांचे जोडे त्यानेच कितीदा दारातून उचलून बाजूला ठेवले होते.

त्याने फीत परत गुंडाळली आणि पुन्हा पाहिली. दोन जोडे, दोन बूट. मग नवे दोन, नवे दोन. वरून कोणी टाकल्यासारखे नव्हते ते. इतरांच्या खाली दबलेले, धूळ बसलेले. नव्या बुटावर एका तान्ह्या मुलाचा लोकरी मोजा पडला होता.

बळवंत महिपतरावांकडे गेला. काय सांगावं कळेना, म्हणून म्हणाला, "सरकार, जोडे सापडले."

महिपतराव तिसरे जोडे घालून आले. ते दाराबाहेर काढून सगळ्यात पुढे बसले. आगगाडी आली तशी त्यांनी सवयीने मागच्या दाराकडे पाहिलं. पण जोड्यांसाठी बसून राहिले.

सतरावं मिनिट आलं.

"तो माझा," ते बोट दाखवून म्हणाले. "थांबव."

"थांबवलं तर फीत जळेल, सरकार."

"तो माझाच. आणि त्याच्या शेजारचा?"

"तो तुमचा नाही."

"मग कोणाचा?"

महिपतरावांचं बोट तसंच वर राहिलं, आणि जोड्यांमागून जोडे सरकत गेले. चित्रपट संपला तरी ते बसून होते.

बाहेर आले तर तिसरे जोडे जागच्या जागी. त्यांनी ते घातले नाहीत. हातात धरले आणि सराफ्यातून चालत घरी गेले. वाटेत कोणी नवसाचं विचारलं नाही. संध्याकाळी तक्रार मागे घेतल्याची चिठ्ठी आली. रघुनाथरावांना तीनदा निरोप गेला. त्यांना पित्त होतं.

मग, साहेब, फॉर्मवर तुमची हिरवी सही झाली आणि भोपाळहून तुमचा हुकूम आला.

बावीस मिनिटं शाळांना परवडणारी नाहीत. पहिली सात पुरेशी आहेत. यंत्रचालकाने फीत तेवढ्यावर कापावी, नकला चारशे बारा शाळांना जातील. कापल्याचा दाखला सही करून पाठवावा, म्हणजे त्याचं नाव सामावून घेतलेल्यांत घालता येईल.

बळवंतने कात्री घेतली. खाली ठेवली. शाळेत मुलं वर्गाबाहेर चपला काढतात, हे त्याला माहीत होतं. दाखल्यावर सहीच्या जागी त्याने एक प्रश्न लिहिला आणि पाठवून दिला.

त्याचं नाव दुसऱ्या यादीत आलं. फीत दुसऱ्या कोणी कापली. उरलेली पंधरा मिनिटं 'निरुपयोगी' असा शिक्का मारून ग्वाल्हेरला परत आली. महिपतरावांनी फितीचा तो डबा बळवंतच्याच घरी ठेवायला सांगितला.

जानेवारीत मुरारच्या बाजूला एका शाळेत पहिला प्रयोग झाला. सात मिनिटं झाली, मुलं टाळ्या वाजवून उठली. छत्तीस मुलं अनवाणी घरी गेली. शाळेने माकडांवर ठपका ठेवला.

बळवंतने डबा उघडलेला नाही. फळीवरून उचलून तेवढा पाहिला. पूर्वी एका हाताने उचलायचा, आता दोन लागतात. आणि तळ गार लागतो.

चारशे बारांपैकी तीनशे अकरा शाळा अजून बाकी आहेत, असं तुमचंच पत्रक सांगतं. बळवंतचा प्रश्न तुमच्या फायलीत आहे, हिरव्या सहीच्या बरोबर खाली. इथे पुन्हा लिहितो: मुलांनी चपला कुठे काढायच्या?

लेखी उत्तर द्या.