रोप उभं आहे

नोंदणीकृत रोपाची उंची दर तासाला मोजली जाईल. एका तासात उंची एक पंचमांशाहून अधिक घटल्यास रोप कापले गेले असे समजण्यात येईल.

*

आरगच्या पानमळ्यात वर्षातून एकदा वेल खाली घेतात. उंच गेलेली, बुडाशी उघडी पडलेली वेल आधारावरून सोडवायची, हळूहळू वळवायची, जमिनीलगत निजवायची. उतरण म्हणतात तिला. मळ्यात चप्पल घालून जात नाहीत.

*

झटका येताना आधी डावा अंगठा आत वळतो. मग मान. मग चाळीस सेकंद घरात कोणीच कोणाचं नसतं.

*

खालच्या मजल्यावरच्या शेटेकाकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं : जिन्यात कसला वास येतोय, मांजर मरून पडलंय का, कोणीतरी बघा.

*

विषय : घरी गांजा लावण्याच्या परवानगीबाबत. (हे खोडलं.) विषय : घरी औषधी वनस्पती लावण्याच्या परवानगीबाबत.

*

अर्ज त्रिशला मगदूमचा होता. मिरजेत तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घरात, कपड्यांचं कपाट होतं तिथं आता उजेडकपाट उभं होतं. सहा फूट उंच, आतल्या चारही भिंती प्रकाशाच्या, तळाशी पाण्याची टाकी. मातीचा कण नाही. रोपाची मुळं पाण्यात लोंबायची आणि त्या पाण्यात कोणते क्षार किती सोडायचे ते यंत्र ठरवायचं. ही जलशेती. माथ्यावर बोटाएवढा एक डोळा होता. तो उंची मोजायचा आणि कळवायचा. बाकी त्याला काही दिसत नव्हतं.

आत एकच रोप होतं. नशा न आणणाऱ्या वाणाचं. औषधाला दाद न देणारा अपस्मार असलेल्या मुलांच्या घरी असं एक रोप लावायची परवानगी नव्या कायद्यानं दिली होती. फुलोरा तयार झाला की रुग्णालयातली माणसं येऊन तो मोहोरबंद पिशवीतून नेणार आणि त्याचं तेल काढून देणार. बाजारातलं तेल बाटलीगणिक बदलायचं. धारा नऊ वर्षांची, तिला एकाच वाणाचं तेल मानवायचं. मागच्या साली ते नऊ दिवस मिळालं नव्हतं. त्या नऊ दिवसांत धारा बोलायला शिकलेले सगळे शब्द विसरली आणि ते परत यायला चार महिने लागले.

आता घरात आठ आठवड्यांचं तेल होतं. फुलोरा तयार व्हायला सात आठवडे होते. एवढंच गणित होतं, आणि त्रिशला ते रोज उठल्या उठल्या करायची.

जिल्ह्यातलं हे पहिलंच उजेडकपाट. त्यामुळे विचारायचं कोणाला, हा प्रश्न होता. रोप नुसतं लांबत चाललं होतं. बुडाशी उघडं, मधे सुतासारखं, शेंड्याला चार पानं. मदत केंद्राला तिनं तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर आलं की उंची उत्तम आहे. शेंडा खुडू का, असं विचारलं तर खुडण्यासाठी वेगळा अर्ज करा, मंजुरीला पंधरा दिवस लागतील, परस्पर खुडलं तर गुन्हा.

त्रिशला आरगच्या पानमळ्यात वाढलेली. रोपाकडे बघून तिला कळत होतं ते मदत केंद्राला कळत नव्हतं. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी सकाळी तिनं आंघोळ केली, कपाटाचं दार उघडलं आणि अर्धा तास खपून रोपाची उतरण केली. खोड दोन्ही हातांनी ऊब देत देत वळवलं, टाकीच्या झाकणावर निजवलं, भिजवलेल्या लव्हाळ्याच्या पातीनं तीन जागी सैल बांधलं. एक पान तुटलं नाही. कापायचं नाही म्हणाले होते, तिनं कापलं नव्हतं. दार लावताना ती खूश होती.

अकरा वाजता उजेड गेला. दारावर तांबडी अक्षरं आली : रोप नाही.

*

रकाना ७. रोपाची स्थिती (एकच निवडा) : रोप उभं आहे / रोप नाही.

*

पडताळणी अधिकारी बुधवारी आले. तोवर रोपाचे तीन दिवस अंधारात गेले होते आणि पानं फिकट पडायला लागली होती. दीपक भोकरे नाव, पस्तिशीचे, खांद्याला पिशवी, बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या. ते खोलीच्या उंबऱ्याशी पोचले आणि त्रिशलाचे वडील आडवे उभे राहिले. आण्णा कालच आरगहून एसटीनं आले होते.

"बूट काढा साहेब."

"नियमानं आवरण घातलंय काका."

"पिशवी बांधली म्हणून पाय धुतले असं होत नाही. माझ्या मळ्यात कलेक्टरनं काढलेत. तुमचं काय सोन्याचं आहे का?"

भोकऱ्यांनी बूट काढले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. आण्णांनी ते बघितलं आणि बाजूला झाले.

दार उघडल्यावर भोकरे बराच वेळ वाकून बघत राहिले. रोप होतं. निजलेल्या खोडावरून सहा नवे फुटवे उभे राहायला निघाले होते, अंधारातसुद्धा. त्यांनी आपल्या टॅबवर बघितलं, परत रोपाकडे बघितलं. म्हणाले, प्रणालीत उंची एकशे चार सेंटिमीटरवरून एकतीसवर आलेली दिसतेय. एवढी घट म्हणजे कापणी. कापणी म्हणजे कापलेला माल कुठं गेला हा प्रश्न येतो.

त्रिशलानं विचारलं, माल समोर दिसतोय ना? दिसतोय, ते म्हणाले. मग लिहा. लिहायला रकाना नाही.

आण्णांनी मग गुडघ्यावर बसून त्यांना पेरं मोजून दाखवली. खोडाला जिथं पान फुटतं तो सांधा म्हणजे पेर. पानमळ्यात वेल किती मोठी, हे कोणी उंचीवरून सांगत नाही. वेल वाकते, लोंबते, निजते, पण झालेलं पेर कुठं जात नाही. कापली तरच कमी होतं. त्रिशलानं फोनमधला शनिवारचा फोटो काढून दाखवला. त्यात सतरा पेरं होती. आता निजलेल्या खोडावर अठरा भरली. भोकऱ्यांनी स्वतः दोनदा मोजली. माणूस खोटा नव्हता. त्यांनी मान्य केलं की रोप वाढलंय. मान्य करून ते म्हणाले की सुनावणीत हे जरूर मांडा, तारीख साधारण पाच आठवड्यांनी मिळेल.

"पाच आठवडे हे अंधारात जगणार?"

"ते मी सांगू शकत नाही ताई."

"मी सांगते. आठवड्यात मरेल. नवीन लावून तेल हातात यायला चार महिने. माझ्याकडे आठ आठवड्यांचं आहे. मधल्या दिवसांत ती पोरगी काय करंल, ते कुठल्या रकान्यात लिहिता?"

भोकऱ्यांनी पुन्हा वाकून खोडाला बांधलेल्या पाती बघितल्या. मग त्यांनी मदत म्हणूनच सुचवलं, की खोड सोडवून पुन्हा सरळ उभं करता आलं तर डोळ्याला उंची दिसेल आणि दिसताक्षणी उजेड आपोआप परत येईल. त्यावर आण्णा हसले. तीन दिवसांत बाक धरलाय, आता सरळ केलं तर काडकन मोडेल, म्हणाले; मोडलं की मग तुमचं खरं होईल.

पलीकडच्या खोलीतून धारानं हाक मारली. पाणी हवं होतं. "आई, पाणी" एवढे दोन शब्द, नीट, ओळीनं. चार महिने लागलेले दोन शब्द.

त्रिशलाचं डोकं फिरलं ते तिथं. ती मोरीत गेली, धारासाठी पाणी आणायला नव्हे. कोपऱ्यातला मॉप उचलला, फडकं उपटून फेकलं, दांडा घेऊन आली आणि उजेडकपाटात टाकीच्या झाकणावर असा खाडकन उभा केला की टाकीतलं पाणी हिंदकळलं.

"ही घ्या उंची," ती म्हणाली. "उंची पाहिजे ना तुमच्या यंत्राला? घ्या. अजून पाहिजे? शिडी आणू?"

आत टिक असा आवाज झाला. चारही भिंती उजळल्या. दारावर हिरवी अक्षरं आली.

रोप उभं आहे.

ॲल्युमिनियमचा दांडा झळाळत होता आणि त्याच्या पायाशी जिवंत रोप निजलेलं होतं. भोकऱ्यांनी टॅब हातात धरून त्या अक्षरांकडे बघितलं, दांड्याकडे बघितलं. मग त्यांनी रकाना सातमध्ये पहिला पर्याय निवडला, टॅब पिशवीत घातला आणि बूट हातात घेऊनच जिना उतरले. जाताना एवढंच म्हणाले, की ताई, दांडा हलू देऊ नका.

राग गेला असता तर बरं झालं असतं. तो गेला नाही. पोरीसाठी त्रिशलानं मेडिकल बोर्डापुढं सहा वेळा कागद ठेवले होते, पोलीस पडताळणी झाली होती, शेजाऱ्यांपुढं हात जोडून झाले होते. आणि उजेड आला तो मॉपच्या दांड्यानं. जिवंत रोपाला जे मिळालं नाही ते दांड्याला मागता क्षणी मिळालं, हे तिला रोज दोन वेळा, दार उघडताना आणि लावताना, नव्यानं झोंबायचं.

*

आण्णा राहिले. त्यांनी मॉपचा दांडा काढून टाकला, म्हणाले, फरशी पुसायची वस्तू पिकात नको. आरगहून शेवरीचा सोट मागवला. पानाची वेल चढवतात ती शेवरी. ती टाकीच्या बाजूला खोबणीत बसवली. रोज सकाळी पाय धुऊन आत जायचं, रोपाला हात लावायचा, आणि शेवरी अर्धं बोट वर उचलायची. यंत्राला वाढ दिसली पाहिजे, हे त्यांनी आपल्या मनानं ओळखलं होतं. एक दिवस चुकले नाहीत.

खाली रोप झुडपासारखं भरलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात रुग्णालयाच्या माणसांनी फुलोरा नेला तेव्हा वजनकाटा बघून ते एकमेकांकडे बघत राहिले. जुलैपर्यंत पुरेल एवढं तेल निघालं. धारानं त्याच आठवड्यात आण्णांना पहिल्यांदा चिडवलं. टकलू म्हणाली. आण्णांनी ते अख्ख्या मजल्याला सांगितलं. उजेडकपाटात दुसरं रोप लागलं.

*

वीस मार्चला उजेडकपाट बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. त्रिशलानं ते ओट्याशी उभं राहून मोठ्यानं वाचलं, आण्णा लसूण सोलत होते.

आपल्या उजेडकपाटातील वाढ देशात सर्वोत्कृष्ट ठरली आहे. इतर रोपांची उंची शेवटचे काही आठवडे वाढत नाही असे आढळते. आपल्या रोपाची वाढ शेवटच्या दिवसापर्यंत एकसारखी राहिली. ही वाढरेषा आदर्श मानून १ मार्चपासून सर्व कपाटांसाठी लागू करण्यात आली आहे. या रेषेपेक्षा सातत्याने कमी वाढणारे रोप सदोष समजून त्याचा प्रकाश बंद करण्यात येईल. सोबत, आपल्या जिल्ह्यातील नव्या अकरा कुटुंबांची यादी, आपण त्यांना मार्गदर्शन करावे ही विनंती.

तिनं पत्र खाली ठेवलं.

"आण्णा, शेवटपर्यंत उचलत होता तुम्ही?"

"मग? रोज. वेल थांबती व्हय कधी?"

"ही वेल न्हवं आण्णा. फुलावर आलं की हे उंच जायचं थांबतं."

आण्णांच्या हातातली पाकळी तशीच राहिली. साठ वर्षं पानमळा केलेला माणूस. न थांबता चढणारी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यभर पाहिली होती आणि तीच त्यांनी यंत्राला शिकवली होती. आता ते यंत्र प्रत्येक घरात जाऊन खऱ्या रोपांना विचारणार होतं, तू शेवरीसारखं का वाढत नाहीस? त्यांनी लसूण बाजूला सारला आणि म्हणाले, आपण सांगून टाकू. पाठोपाठ म्हणाले, सांगितलं तर धाराचं काय? मग लसूण पुन्हा पुढ्यात ओढला.

त्रिशलानं फोनवर भोकऱ्यांचं नाव काढलं आणि लिहायला घेतलं. उंची खोटी होती. काठी होती. तुम्हाला माहीत आहे. एवढं लिहून ती थांबली. हे गेलं की परवाना जाणार, कपाटातलं तीन आठवड्यांचं रोप जाणार, आणि जुलैनंतर पलीकडच्या खोलीतले शब्द एकेक करून जाणार. टकलूसुद्धा. नाही गेलं तर अकरा घरांत, अकरा बायका फोन कानाला लावून ऐकणार की तुमच्या रोपात दोष आहे. आणि पाठवलं तरी हे वाचणारा माणूस ते भरणार कुठल्या रकान्यात?

तिला कोणाचा राग करावा ते कळेना. कंपनीचा केला, भोकऱ्यांचा केला, वडिलांचा केला, आपल्या दोन हातांचा केला. तो पुरून उरला. अंगठा पाठवायच्या खुणेवर होता. ती यादी पुन्हा वाचत होती, नावं, गावं, मुलांची वयं. आपल्या मुलीच्या उजेडाची किंमत दुसऱ्यांच्या मुलांनी अंधारात भरायची, हे आई म्हणून मान्य करता येतं का?

यादीतलं पाचवं घर जतचं होतं. तिथलं उजेडकपाट पत्र यायच्या नऊ दिवस आधी, अकरा मार्चला दुपारी दोन वाजता, वाढ अपुरी या कारणानं बंद झालं होतं. तिथली मुलगी चार वर्षांची आहे.