आडवा ग्रह

"कोणाचं काय मोडलंय?" त्यानं मान वर न करताच विचारलं.

"कोणाचंच नाही. मला शनीचं कडं बसवायचंय."

आता मात्र त्यानं वर पाहिलं. रुग्णालयाच्या तळमजल्यावर बारा वर्षं तो लोकांच्या हातापायांना प्लास्टर घालत होता. शनी पहिल्यांदाच आला होता. दारात उभी होती ती चौथ्या मजल्यावरच्या मुलांच्या वॉर्डातली नवी शिक्षिका. आजारपणात शाळा सुटलेल्या मुलांना ती खाटांपाशी बसून शिकवायची.

"पेशंटला इथं आणता... की मी वर येऊ?"

"तुम्हीच या. त्याला चालवत नाही," असं म्हणून हसू दाबत ती निघूनही गेली.

मग रोज दुपारी तीनला तो मुलांबरोबर प्लास्टरची सूर्यमाला करायला वर जाऊ लागला. बोराएवढी पृथ्वी, फुग्याएवढा गुरू... ओल्या पट्ट्या गुंडाळताना, रंगवताना पोरांची कोपरापर्यंत रंगपंचमी व्हायची.

सहा नंबरच्या खाटेवर नऊ वर्षांची एक मुलगी होती. हाडाचा कॅन्सर, उठता येत नव्हतं. "हा युरेनस असा आडवा का?" तिनं विचारलं.

"तो आडवा पडूनच सूर्याभोवती फिरतो," शिक्षिका म्हणाली.

"मग हा माझा!" तिनं तो स्वतः निळा-हिरवा रंगवला.

खाली जाताना लिफ्टमध्ये त्यानं धीर करून शिक्षिकेला विचारलं, "आणि तुमचा कोणता?"

"वेळेवर येईल तो."

"म्हणजे मी आहेच की... तीनच्या ठोक्याला."

ती दाराकडे बघत राहिली. कान मात्र लाल झाले होते.

सोमवारी तो वर गेला, तेव्हा सहा नंबरची चादर बदललेली होती. मुलीची आई पिशवी भरत होती. तिनं युरेनस टॉवेलात गुंडाळला, छातीशी धरला आणि कोणाशी न बोलता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिक्षिका खाली त्याच्या खोलीत आली, स्टुलावर बसली.

"उद्यापासून मी येणार नाही. मुलं विचारतात, आता कोणाची पाळी? काय सांगू मी त्यांना?"

त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "मला नाही ठाऊक. माझ्याकडे येतात त्यांची हाडं जुळतात. वर यायची मला भीतीच वाटते... रोज जिन्यात थांबतो. तरी येतो. ग्रहांसाठी नाही— तुझ्यासाठी येतो."



"मला 'तू' म्हणालात."

"चुकलो."

"नाही... पुन्हा म्हणा."

"तुझ्यासाठी," तो हळूच म्हणाला.

तिला रडू फुटलं. तो शेजारी नुसता उभा राहिला. जरा वेळानं तिनं बाहीनं डोळे पुसले. "माझ्याकडे उत्तरच नाही रे."

"नसू दे. नाही असंच सांगू. मी येतो बरोबर."

वर गेल्या गेल्या सात नंबरच्या मुलीनं तोच प्रश्न विचारला. शिक्षिका तिच्या खाटेवर टेकली. "मला माहीत नाही गं, बाळा," ती म्हणाली. "मलाही भीती वाटते."

 बोलताना तिनं त्याचा हात घट्ट धरला होता, सगळ्यांदेखत. सात नंबरनं तो पाहिला, शेजारच्या खाटेकडे बघून डोळा मिचकावला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोरं खुदकन हसली.