दिवस बुडायच्या आत

वर्धमानला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गुळाच्या काहिलीत बसून पंचगंगेत गोल गोल फिरत होता.

खरंच सांगते. गुऱ्हाळात उसाचा रस उकळतात ती भली थोरली लोखंडी काहील पाण्यात सोडलेली. तिच्यात मांडी घालून बसलेला हा उंच माणूस, हातात वल्हं, आणि चेहरा असा गंभीर की जणू बोट विलायतेला निघालीय. पण काहिलीला ना नाक, ना शेपूट. एका बाजूनं वल्हं मारलं की ती जागच्या जागी गिरकी घेते. तिनं घेतली. पुन्हा घेतली. घाटाच्या पायरीवर छत्री धरून मी उभी होते... आणि मला हसू आवरेना.

"हसताय काय, पावणं?" तो ओरडला, आणि पुढचं बोलण्याआधी त्याची पाठ माझ्याकडं झाली. पुन्हा तोंड समोर आलं तेव्हा म्हणाला, "– काम चाललंय हितं!"

"दिसतंय की. गूळ कुठवर आला, तेवढं बघत होते."

पायरीवर बसलेली तालमीची पोरं खो-खो हसली. तोही हसला. आणि हसता हसता वल्हं हातातून सुटलं, ते गेलं वाहत! मी छत्री टाकली, पदर खोचला, कमरेइतक्या पाण्यात उतरून ते धरलं आणि त्याच्या हातात दिलं. भिजलेल्या लाकडावर आमची बोटं क्षणभर शेजारी शेजारी होती... असो.

"पोहता येतं?" त्यानं विचारलं. आता त्याचा आवाज बदलला होता.

"मळ्यातल्या विहिरीत शिकले. पाठीला सुका भोपळा बांधून."

"आणि आता?"

"आता भोपळा लागत न्हाई."

संस्थान विलीन होऊन थोडी वर्षं झाली होती. आदल्या पावसाळ्यात पूर आला तेव्हा मदतीला धावलेली पोरंच बुडता बुडता वाचली होती. पूर काही न सांगता येत नाही, राधानगरीकडं झड लागली की आपल्याकडं पाणी चढणार हे शेंबडं पोरही सांगेल. मग मदतीला जाणाऱ्यांचा जीव आधी सांभाळायचा, याची तयारी पूर यायच्या आधीच का नको? असा हट्ट धरून वर्धमान मगदूमनं मदत समितीकडून ते काम मागून घेतलं होतं. शाहूपुरीत त्याच्या घरची गुळाची अडत, मळ्यात गुऱ्हाळ, म्हणून काहिलींना तोटा नव्हता.

त्याचे नियम थोडे होते. एकट्यानं जायचं नाही, प्रत्येकाला एक भिडू. काहिलीत उभं राहायचं नाही. दोघांतल्या कोणीही 'परत' म्हटलं की काहील फिरवायची. त्या वेळी का म्हणून विचारायचं नाही, वाद काठावर येऊन घालायचा. आणि काही झालं तरी दिवस बुडायच्या आत काठाला लागायचं.

या शेवटच्या नियमावरून तालीम त्याची थट्टा करी. आम्ही दोघंही जैन, दिवस बुडाल्यावर अन्नाला हात लावायचा नाही. "वर्धमानाच्या जेवणावर पूर चालतोय!" पोरं म्हणत. तो म्हणे, "व्हय की. ढगात सूर्य दिसत न्हाई, पण माझं पोट चुकत न्हाई."

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं राहत होते. दुसऱ्याच दिवशी समितीच्या बैठकीला जाऊन मी म्हटलं, "माझं नाव घ्या. काहिलीवर."

पिराजी वस्ताद तालमीचे जाणते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बाई, तुम्ही भाकरी थापा. काठावर लई काम हाय."

"भाकरी थापायला तुम्ही या की मग, मी काहिलीवर जाते. पुरात अडकलेली बाई परक्या बाप्याच्या हाताला धरून उतरंल होय? माळ्यावर बसून राहील, पण न्हाई उतरायची. तिला आणायला जाणारा तिथंच थांबून राहणार, आणि पाणी चढत राहणार. मग जीव कुणाकुणाचा जाईल?"

शेवटी समितीनं तोडगा काढला. मी काहिलीत बसायचं, पण 'परत' म्हणायचा हक्क मला नाही. "बाईच्या शब्दावर काहील फिरली, तर लोक तालमीच्या तोंडात शेण घालतील!" वस्ताद म्हणाले.

"मग मी येत न्हाई," मी उठले. "अर्ध्या तोंडानं मी बसणार न्हाई."

दारापर्यंत पोचले तोच मागून आवाज आला, अगदी शांत.

"बाईंचा शब्द न्हाई, तर माझा बी न्हाई. काहिली घेऊन जातो माझ्या. गूळ करतो."

मी वळून पाहिलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, वस्तादांकडं बघत होता. कान मात्र लालभडक झाले होते... वस्ताद म्हणाले, "आणि हिचा भिडू कोण व्हणार?"

"मी," वर्धमान म्हणाला.

त्या शब्दानं माझ्या घरी जो पूर आला, त्यापुढं पंचगंगा काहीच नव्हे. "परक्या पोराबरोबर काहिलीत?" आक्का कडाडली. "गाव काय म्हणंल? कोण करणार हाय तुला?"

"बुडाले तर प्रश्नच मिटला, आक्का."

"आणि न्हाई बुडालीस तर?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं... पण ते तेव्हा सांगण्यासारखं नव्हतं.

आषाढाच्या शेवटी पाणी आलं. घाटाच्या पायऱ्या गेल्या, शेतं गेली, पलीकडच्या मळेवस्तीची नुसती कौलं दिसू लागली. आम्ही फेऱ्या मारत होतो. तो वल्हं मारी, मी समोर बसून बांबूनं वाहती लाकडं बाजूला सारी. काहील फिरली की आमच्याभोवतीचं सगळं जग फिरे. एकमेकांचे चेहरे तेवढे जागच्या जागी राहत.

"घाबरलात?" तो विचारी.

"तुम्ही?"

"भिडू घाबरला की मी घाबरणार. तसं ठरलंय."

त्या वस्तीतली चिमणाबाई ओली बाळंतीण. सकाळी पिराजी वस्ताद स्वतः तिला आणायला गेले होते आणि हात हलवत आले होते. मला बघून ती बाळासकट उतरली. काठावर वस्तादांनी बाळाला घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "हं."

मग राहिली झुंबरबाई. म्हातारी, एकटी, उंचवट्यावरच्या गोठ्याच्या माळ्यावर, खाली पाण्यात पोटापर्यंत उभी तिची म्हैस. "हिला सोडून मी न्हाई यायची!" ती ओरडली. वर्धमाननं खूप समजावलं. मग माझ्याकडं वळला. "काठावरनं दोर आणू. म्हैस पोहत येईल मागनं. एक फेरी, त्रिशला."

पहिल्यांदाच नावानं हाक मारली त्यानं. कुठं ते सुचावं माणसाला!

आभाळ काळंकुट्ट. सूर्य कुठं आहे, आहे की नाही, काही कळेना. पाणी मघापेक्षा वेगानं ओढत होतं. त्याचे दंड थरथरत होते आणि त्याला ते कळत नव्हतं. वर म्हातारी. खाली आम्ही. तिला सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"परत."

"अगं, म्हातारी –"

"परत. वाद काठावर."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. दोन्ही डोळ्यांत राग, आणि रागाच्या मागं आणखी काहीतरी. मग त्यानं काहील फिरवली.

"आजी, माळ्यावरनं हलू नका! उजाडताच येतो!" मी ओरडले. ती काय म्हणाली ते पाण्यात विरलं.

काठावर पोरं कुजबुजली, "बाई घाबरली."

"व्हय, घाबरली," वर्धमान मोठ्यानं म्हणाला. "कुणीतरी वेळेत घाबरायला पाहिजे म्हणून तर भिडू दिलाय. मला भान राहिलं नव्हतं."

मग तो माझ्याजवळ येऊन बसला. मांडीवर फडक्यात भाकरी आणि चटणी.

"आता कशी खाऊ?" मी म्हटलं. "दिवस बुडाला असंल."

त्यानं काळ्या आभाळाकडं बराच वेळ पाहिलं. "न्हाई. अजून आहे थोडा."

"कशावरून?"

"माझं पोट सांगतंय." भाकरीचा तुकडा त्यानं माझ्यापुढं धरला. "खा. मग भांडू."

भांडलो नाही. ती रात्र मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. आणखी एक फेरी झाली असती तर काय झालं असतं? कोण जाणे. काही झालंही नसतं. पण उजाडताच आम्ही दोर घेऊन गेलो, आणि लांबूनच झुंबरबाईच्या शिव्या ऐकू आल्या. एवढ्या गोड शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. म्हैस पोहत मागून आली, आणि काठावर पिराजी वस्तादांनी तिचा कासरा आणि माझा हात एकदमच धरून दोघींना वर ओढलं.

पाणी उतरल्यावर एका संध्याकाळी वर्धमान आमच्या दारात उभा. खांद्यावर पोतं, वरून रिमझिम. पोत्यात गुळाची ढेप.

"गूळ कुठवर आला, विचारत होता न्हवं?" तो म्हणाला. "आलाय. दारापर्यंत."

मी उंबऱ्यात. हसू ओठांत दाबत.

"एक गोष्ट आधी सांगतो," त्यानं ढेप खाली ठेवली. "आई म्हणती, लग्न झाल्यावर सुनेनं काहिलीत बसायचं न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, काहिलीत भिडू लागतो. ती न्हाई, तर मी बी न्हाई. आई दोन दिस बोलली न्हाई. आज म्हणाली – बोलव तरी, बघू दे कसली हाय."

"कसली हाय ती तुम्हीच सांगा की त्यांना. घरातसुद्धा 'परत' म्हणणारी हाय. चालंल?"

"चालंल. वाद काठावर."

"घराला काठ कुठला आणायचा?"

तो विचारात पडला, अगदी त्या काहिलीतल्यासारखा गंभीर. "बाहेरचा सोपा, ओसरी हाय की. तिथं बसून भांडू."

आतून आक्काचा आवाज आला. तिनं सगळं ऐकलं होतं, ताटांचा आवाज मुद्दाम मोठा केला होता.

"ओ पावणं! दिवस बुडाय लागलाय, पानं वाढलीत. जेवायला आत येताय, का जाताय परत?"

वर्धमान माझ्याकडं बघत राहिला. न विचारता, माझ्या शब्दाची वाट बघत, नियमाप्रमाणं.

मी ढेप आत न्यायला उचलली... चांगली जड होती. "भिडू," म्हटलं, "एका बाजूनं धरा की."