लॅमिनेशनमधली हवा

श्वासमापक तिसऱ्यांदा फिरला आणि तिसऱ्यांदाही तेच म्हणाला: कागदाचं वय चार दिवस. दाखल्यावर तारीख मात्र नऊ वर्षांपूर्वीची होती.

डॉ. हेमांगी टिळेकरांनी चष्मा कपाळावर सरकवला. यंत्र त्यांनीच बनवलेलं. कागद हवा शोषतो, ती वर्षागणिक थराथराने त्याच्या तंतूंत मुरते, आणि यंत्र उजेड टाकून ते थर मोजतं. खोट्या दाखल्यांचा धंदा त्याने पार बसवला होता. परदेशातली सरकारं आता सह्या-शिक्क्यांकडे बघतही नसत. श्वासमापक हो म्हणाला तर दाखला तिकडे चालायचा, नाही म्हणाला तर माणूसच खोटा ठरायचा.

समोर बसलेली प्रतीक्षा राऊत मिरजेची परिचारिका होती. परदेशातल्या एका इस्पितळाने तिला नोकरी देऊ केली होती. शुक्रवारपर्यंत दाखला मंजूर झाला नाही तर जागा दुसरीला जाणार होती. दुसरी प्रत मिळण्याची सोय नव्हती. तिचं कॉलेज पुरात बुडालं ते दप्तरासकट कायमचं बंद पडलं. दाखला हाती आला त्याच आठवड्यात वडिलांनी तो कौतुकाने लॅमिनेट करून आणला होता. ज्या कागदावर आपला जीव, त्याला आपण आधी प्लास्टिक चढवतो.

असले अर्ज बाईंच्या डोक्यात जायचे.

“हे प्लास्टिक काढून उद्या या, मग बघू,” असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी हा किस्सा हवेचे अभ्यासक तांबोळी यांना हसत हसत सांगितला. तांबोळी हसले नाहीत.

“थर चार दिवसांचे, कारण पुढे कागदाला श्वासच मिळाला नाही,” ते म्हणाले. “पण मॅडम, आत कोंडलेली हवा कुठल्या सालची?”

बाईंनी कप खाली ठेवला.

“हवेची घडण दर वर्षी बदलते,” तांबोळी सांगू लागले. “बारीक सुईने ती ओढून तपासली की साल निघेल. याहून पक्का पुरावा तुमच्या यंत्राकडेही नाही.”

“आणि प्लास्टिक काढलं तर?”

“चार दिवसांत काही पक्कं मुरलेलं नसतं. कोंडलेला कागद अधाशासारखी नवी हवा ओढतो. तासाभरात जुनी उरत नाही.”

बाईंनी लगेच फोन लावला. तो लागेना. पुन्हा पुन्हा लावला. आपल्या तोंडून गेलेलं ते एक वाक्य त्यांना आता परत घ्यायचं होतं. एवढं यंत्र घडवलं, आणि समोरच्या मुलीला दोन मिनिटं देता आली नाहीत, याची त्यांना लाज वाटली.

सकाळी दार उघडण्याआधीच प्रतीक्षा पायरीवर हजर होती. घरी जाऊन रात्रीच्या बसने परत आले, वाटेत फोन बंद पडला होता, असं ती म्हणाली. सोबत तिचे वडील होते. ते मिरजेतल्या इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करायचे. त्यांनी पिशवीतून मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला दाखला काढला आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. कोरा करकरीत, मोकळा कागद.

दुसरं सुचेना म्हणून बाईंनी तो यंत्राखाली सरकवला. पडद्यावर आलं: वय एक दिवस.

वडिलांना पडद्यावरचं वाचता येत नव्हतं. ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते.

“ओलं फडकं ठेवून मंद इस्त्रीनं काढलं, मॅडम. एक कोपरा दुमडू दिला नाही,” ते म्हणाले. “तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं.”