लांब पायांच्या हिरव्या माश्या

"दारं लावून घ्या, एकही माशी आत येता कामा नये," असं बजावत मामा फवारणीच्या पंपात हवा भरू लागला. सुट्टीला आलेली ताई आणि तिचा धाकटा भाऊ गोट्या खिडकीशी उभी होती. पलंगावर मामाची लेक निजली होती. तिला सगळे छोटीच म्हणत. सकाळी ती बागेतून आली तेव्हा तिचा उजवा हात लालभडक झाला होता, आणि आता तिला मळमळत होतं.

वालाच्या वेलावर मामाला चकाकणाऱ्या हिरव्या माश्या दिसल्या होत्या. त्याच चावल्या, असं त्याने ठरवून टाकलं. मामीने फोनवर डॉक्टरांना तेच सांगितलं. मलम लावून झोपू द्या, असं ते म्हणाले.

"ताई, छोटीला काही होणार नाही ना?" गोट्याने विचारलं.

ताईने पलंगाकडे पाहिलं. छोटीच्या तोंडातून लाळ गळत होती. माशी चावून असं होतं?

"चल मागच्या दाराने. मामाच्या आधी ती माशी बघू."

दोघं वेलापाशी वाकली. माशी तांदळाच्या दाण्याहून लहान होती, पाय मात्र लांबलचक. चिखलात कपडे भरतील अशा धास्तीने उभं राहावं, तशी ती पानावर ताठ उभी होती. अचानक तिने झडप घातली आणि पानाचा रस शोषणारी माव्याची कीड धरली.

"अगं, ही मावा खातेय," गोट्या कुजबुजला. "त्या माव्यासाठीच तर मामा औषध मारतो."

"म्हणून माणसाला चावत नसेल कशावरून?"

ताईने ओठ घट्ट मिटले आणि उघडा हात पानांत धरला. एक माशी मनगटावर येऊन बसली. ताईने डोळेच मिटून घेतले. जरासं हुळहुळलं आणि माशी उडून गेली.

मग छोटीला झालं काय? ताई आणखीच घाबरली. छोटीच्या हातावर चावल्याचा टिपका नव्हताच. लाली तळव्यापासून कोपरापर्यंत ओघळत गेली होती.

"सकाळी छोटी काय करत होती रे?"

"झारीने पाणी घालत होती."

झारी नळाखाली होती. गोट्या ती उचलायला धावला.

"हात लावू नकोस!"

झारी मुठीपाशी गळत होती, आणि तिला पंपासारखाच उग्र वास येत होता. पंपाचं तोंड अरुंद, म्हणून मामा औषध झारीत कालवून पंपात ओतायचा. काल झारी धुवायची राहून गेली होती.

ताई मामाच्या वाटेत उभी राहिली. "मामा, फवारू नकोस. छोटीला माशी चावली नाही, तुझं औषध लागलंय."

"मला शिकवू नकोस. बाजूला हो."

"आधी झारीचा वास घे."

मामाने वास घेतला आणि तो पांढराफटक पडला. पंप तिथेच टाकून तो आत धावला. मामीने छोटीला साबणाने धुतलं, कपडे बदलले. गोट्याने औषधाची बाटली पिशवीत घालून घेतली आणि सगळे दवाखान्यात पळाले.

सगळे बाहेरच्या बाकावर बसले. ताईला रडू आवरेना. खूप वेळाने डॉक्टर बाहेर आले.

"धोका टळला. तशीच झोपवून ठेवली असती तर अवघड होतं. बाटली आणायचं कुणाला सुचलं?"

"या दोघांना," मामा म्हणाला. "मी यांना बाजूला सारत होतो."

"पोरं तुमच्यापेक्षा नीट बघतात," डॉक्टर म्हणाले.

आतून छोटीने "बाबा" अशी हाक मारली. मामाचे पायच उचलेनात. शेवटी ताई उठली आणि त्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेली.