लिंबाची सावली

निजामाच्या अमलातल्या धाराशिवात सडका रुंद करायचं काम बसवराजकडं होतं. बलदियेचा, म्हणजे नगरपालिकेचा, हा माणूस कामाला मोठा हौशी. त्यानं तुंबलेली गटारं वाहती केली, कंदिलांचे खांब उभे केले. राहिला होता फक्त बाजारचौकातला कडुलिंब. जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या तालुकदारसाहेबांची मोटार त्याच्यापाशी अडायची. शिवाय लिंबामागंच बसवराजचं घर. लग्नानंतर कैक वर्षांनी झालेली त्याची तान्ही लेक शांतम्मा सारखी खोकायची. वैद्यबुवा म्हणाले होते, "पोरीला ऊन मिळू द्या." आणि अंगणात ऊन म्हणून यायचं नाही. सरकारी काम आणि घरचं काम एकाच कुऱ्हाडीत उरकत होतं, यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

बाजारात बसणाऱ्या बायका त्याच लिंबाला झोळ्या बांधून लेकरं निजवायच्या. भाजीवाल्या सिद्धम्मानं आपल्या नातवाची झोळी सोडली.

"साहेब, आता लेकरं कुठं निजवावी आमी?"

"छप्पर बांधून देतो, मावशी."

झाड पडलं. बुंधा खणून काढला, खड्ड्यात मुरूम भरला, वरून दगडी रूळ फिरवला. दुसऱ्या दुपारी बसवराज मोठ्या कौतुकानं सडक बघायला गेला, तर मुरमावर सावली होती. पानापानांची, हलणारी. वर नुसतं कोरडं आभाळ. त्यानं सावलीत हात धरला. गार लागलं. बायका मात्र पलीकडं रणरणत्या उन्हात बसल्या होत्या.

"मावशी, ही कशाची सावली?"

"तुमाला ठावं. झाड तुमीच न्हेलं की."

त्यानं आणखी मुरूम टाकला, चुना मारला. सावली चुन्यावरही पडली. तालुकदारांची मोटार आली, तेव्हा ड्रायव्हरनं काहीएक न विचारता सावलीला वळसा घालून ती पूर्वीसारखीच गटाराला घासत नेली. बसवराजला हसावं की रडावं कळेना. मग त्याच्या ध्यानात आलं. सूर्य कुठंही असो, सावली रोज थोडी त्याच्या घराकडं सरकत होती.

ती अंगणात शिरली. लेकीला कडेवर घेऊन तो उन्हामागं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळायचा. तो पोचेपर्यंत सावली तिथं हजर. खोकला वाढत चालला. शेवटी त्यानं बाजारात जाऊन सिद्धम्माचे पाय धरले.

"काय पाहिजे हो त्या सावलीला?"

"तिला काय पायजे? लेकरं निजवायची सवय हाय तिला, दुसरं काय." सिद्धम्मानं नजर वळवली. "आमी आमची लांब ठिवतोत, साहेब."

तो घराकडं धावत सुटला.

"अहो," बायको शिवगंगा चुलीपुढून म्हणाली, "पोरीला तुम्हीच नेलंत ना बाहेर? पाळणा रिकामा आहे."

तो तसाच अंगणात धावला.

अंगणातल्या भिंतीवर लिंबाची सावली डुलत होती. तिच्या एका फांदीला झोळीची सावली होती. भरलेली.

त्यानं भिंतीवर हात ठेवला. सगळी भिंत गार होती. झोळीएवढीच जागा उबदार लागली.

त्यानं कान लावला. खोकला थांबला होता.